उमेदवार उभे करणारा अण्णा

मी आतून दार बडवत होते आणि दाराला बाहेरून कडी होती. खोलीत जमिनीवर, पोत्यावर टाकलेल्या गोधडीत अण्णाची सून मंगल पडली होती. पोर बाहेर आलं होतं, रडलंही होतं, पण मंगलचं रक्त थांबत नव्हतं. अंगणात प्रचाराचा ऑटो उभा होता. त्याच्या भोंग्याचं तोंड घराकडं केलेलं होतं आणि त्यातून मंगलचंच नाव निघत होतं. "आपल्या गावची सून, सर्वांची लाडकी मंगलताई! निशाणी कपबशी!" भर दुपारी, गल्लीत कुत्रंसुद्धा नसताना, तो ऑटो एकाच जागी उभा राहून ओरडत होता. मंगलचं ओरडणं बाहेर जाऊ नये म्हणून अण्णानं तो तिथं लावला होता. माझं दार बडवणंही त्यातच बुडालं.

मंगल शुद्धीत होती. म्हणाली, "काकू, नका बडवू. मामंजीला राग यील."

मी म्हणाले, "त्याचा राग मी बघते. तू डोळे मिटू नकोस."

मतदान तोंडावर आलं होतं. दोनपेक्षा जास्त लेकरं असलेल्या माणसाला पंचायतीला उभं राहता येत नाही, असा कायदा आहे. मंगलला दोन मुली होत्या. ही तिसरी झाली.

अण्णा म्हणजे निवृत्ती, माझ्या नवऱ्याचा चुलतभाऊ. त्याचं घर आणि माझं घर यांच्यामध्ये एकच भिंत. गाव त्याला अहोजाहो करायचं, मी कधी केलं नाही. माणूस उंच आणि वाळका. गळ्यातल्या चांदीच्या साखळीला एक सेफ्टी पिन अडकवलेली असायची, तिनं बोलता बोलता दात कोरायचा. समोरासमोर बसून कधी बोलला नाही. शेजारी बसायचा आणि कानात बोलायचा, मग ते पाऊसपाण्याचं का असेना. चहा कुणाच्याच घरी पूर्ण पीत नसे. अर्धा कप ठेवून उठायचा आणि म्हणायचा, "ऱ्हायलेला प्यायला पुन्हा यीन." आणि यायचा.

स्वतः तो एकाही निवडणुकीला उभा राहिला नाही. "उभं ऱ्हायचं नसतंय वहिनी, उभं करायचं असतंय," हे तो मला दर निवडणुकीला ऐकवायचा. ग्रामपंचायत असो, पंचायत समिती असो, गावात कोण कुठून उभं राहणार हे अण्णाच्या ओट्यावर ठरायचं. त्याचे उमेदवार दोन जातीचे. एक निवडून आणायचे आणि एक पाडायचे. पाडायच्या उमेदवाराला शेवटपर्यंत कळत नसे की आपण पडण्यासाठी उभे आहोत. तो बिचारा पेढे सांगून ठेवायचा.

त्याची काम करायची रीत अशी. सकाळी परसाकडं जाऊन येताना तो मुद्दाम गावाला वळसा घालून यायचा आणि कुणाच्या अंगणात किती चुली पेटल्यात ते बघायचा. एका घरात दोन धूर निघाले, की दोन दिवसांत अण्णा तिथं चहाला हजर. घरातले भाऊ वेगळे व्हायच्या बेतात आहेत, हे त्यांच्या आईच्या आधी अण्णाला कळायचं.

धनगरवाड्यात खंडू आणि मारोती असे दोघं भाऊ होते. मेंढरं एकत्र, शेत एकत्र. खंडू गोड माणूस, वॉर्डातून सहज निवडून आला असता. पण त्या वॉर्डात अण्णाला स्वतःचा माणूस हवा होता. मग अण्णा मारोतीच्या शेजारी जाऊन बसला. मी तिथंच होते, लोकर घ्यायला गेले होते. अण्णा त्याच्या कानात म्हणाला, पण अण्णाचं कानातलं बोलणं चार हातांवर ऐकू यायचं.

"मारोती, मेंढरामागं उन्हातान्हात कोण हिंडतंय?"

"मी हिंडतो की."

"आन हार कुणाच्या गळ्यात पडायलाय?"

अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी दोघा भावांचे अर्ज. दोघंही पडले आणि मधून अण्णाचा माणूस थोडक्या मतांनी निघाला. पुढं मेंढरं वाटली, शेत वाटलं, आईसुद्धा वाटली. एक महिना याच्याकडं, एक महिना त्याच्याकडं. त्या म्हातारीनं अण्णाला वाटेत धरलं.

"माजी लेकरं का तोडलीस रं मुडद्या?"

"म्या कुठं तोडली म्हातारे? म्या निस्तं उभं केलं."

आणि तो त्या दोन्ही घरी चहाला जात राहिला. दोन्ही घरांनी त्याला पाजला. हे मला अजून समजत नाही.

मयताला तो सगळ्यांच्या आधी पोचायचा. लाकडं आणणं, तिरडी बांधणं, पाहुण्यांना फोन करणं, सगळं पुढं होऊन करायचा. रडायचाही. खोटं नाही, डोळ्यांतून पाणी यायचं. एकदा मी विचारलं, "अण्णा, कोण लागत होता तो तुझा, एवढं रडायला?" तर पिन दातात घालून म्हणाला, "वहिनी, मयताच्या घरात कुणी न्हाई म्हणत न्हाई. जे मागायचं ते तवाच मागून घ्यावं." माझा नवरा गेला तेव्हाही तो पहिला आला होता. तिसऱ्या दिवशी राख सावडून येताना माझ्या थोरल्या लेकाकडून त्यानं मताचा शब्द घेतला.

शब्दावरही त्याचा विश्वास नव्हता. मतदानाच्या आदल्या दिवशी माणसांना खंडोबाच्या देवळात नेऊन बेल-भंडार उचलायला लावायचा. भंडार हातात घेऊन शपथ घेतली की आमच्याकडचा माणूस सहसा फिरत नाही. एका साली माझ्याकडंही आला.

"चला वहिनी, देवळात जाऊन यिऊ."

"हात रिकामा न्हाई. भाकरी थापायलेय."

"देवाचं काम हाय."

"देव उभा ऱ्हायलाय का यंदा? कोणत्या वॉर्डातून?"

हसला. रागावला नाही. पण त्या महिन्यात आमच्या गल्लीत नळाला पाणी आलं नाही.

माणसात काहीतरी चांगलं असतंच म्हणतात. मी पुष्कळ शोधलं. त्याचा आवाज चांगला होता, आरती गोड म्हणायचा.

सरपंचपद बाईला सुटलं की तो आपल्या बायकोला उभं करायचा. ती दोन वेळा सरपंच झाली. पंचायतीचं ऑफिस आतून कसं दिसतं, हे तिनं मरेपर्यंत पाहिलं नाही. कागद घरी यायचे, ती पीठ मळता मळता हात पुसून सही करायची. मी म्हणायचे, बाहेरची एखादी शिकलेली बाई कर की. तर म्हणायचा, "बाहेरची बाई एकदा का हुईना, वाचायला मागती."

बायको वारली. नंतर पुन्हा सरपंचपद बाईला सुटलं, तेव्हा घरात एकच बाई उरली होती, मंगल. आणि ती पोटुशी होती.

मंगल पालमकडची. बोलायला फटकळ, हसायला मोकळी. विहिरीवर तिचं हसणं ऐकून अण्णा घरातून खाकरायचा, मग ती पदर तोंडाला लावून हसायची. नवरा गजानन बापासमोर खाली बघायचा, आणि बाप नसला तरी खालीच बघायचा. दोन मुलींवर ती थांबायचं म्हणत होती. अण्णाला नातू पाहिजे होता. मग पद सुटलं आणि अण्णाला तेही पाहिजे झालं. दोन्हींतलं एक सोडावं हे त्याच्या मनातही आलं नाही.

अर्जात तिनं दोन अपत्यं लिहिली. ते खोटं नव्हतं. पोटातलं कायद्यात धरत नाहीत. पण ते बाहेर आलं की समोरच्या पॅनलनं तक्रार केली असती आणि पद गेलं असतं. त्यावर अण्णानं तोड काढली. त्याची लेक रेखा पूर्णेला दिलेली, नवरा रेल्वेत. तिला बरीच वर्षं मूल नव्हतं. अण्णानं ठरवलं की मंगलचं बाळंतपण परभणीच्या दवाखान्यात रेखाच्या नावावर करायचं आणि पोर रेखानं न्यायचं. झालं. तिकडं पूर्णेला रेखा पोटाला लुगडं बांधून शेजारणींत हिंडायची आणि इकडं मंगल अंगावर जाड शाल घेऊन, पोट झाकून मतं मागत हिंडायची. थंडीचे दिवस होते म्हणून शाल खपली. पुरुषांना खपली. बायकांना पोट कळतं. मंगल दारात आली की बायका ओवाळायच्या आधी तिला बसायला पाट द्यायच्या.

"पाय लय सुजलेत की गं."

"हिंडून हिंडून, मामी."

"हां. हिंडूनच सुजतेत." आणि दुसरीकडं बघायच्या. समोरच्या पॅनलच्या बायकासुद्धा आपल्या नवऱ्यांना बोलल्या नाहीत.

पण त्या पॅनलच्या पोरांना कुणकुण लागली होती. फाट्यावरच्या हॉटेलात ती मोबाईल घेऊन बसलेली असायची. मंगल गाडीतून दवाखान्याकडं निघालेली दिसली की फोटो काढायचा, एवढंच त्यांचं काम. आणि दिवस भरायच्या आधीच, धनगरवाड्यात प्रचार करताना मंगलच्या पोटात कळा सुरू झाल्या.

अण्णा माझ्या दारात आला. "वहिनी, तुमी लय बाळंतपणं केलीत."

"तवा दवाखाने नव्हते. गाडी काढ."

"फाट्यावर ती पोरं बसलीत."

"बसू दे. गाडी काढ."

"अंधार पडू द्या, मग नेऊ. तवर तुमी निस्तं जवळ बसा."

मी आत गेले ते मंगलसाठी. माझ्या मागं कडी लागली तेव्हा मला कळलं. पुढं काय झालं ते वर सांगितलं आहे.

ऑटोवाल्याला भूक लागली म्हणून दार उघडलं. त्यानं जेवायला भोंगा बंद केला आणि मग माझं बडवणं बाहेर गेलं. अण्णानं दार उघडलं. पहिलं विचारलं, "काय झालं?"

"पोरगी."

"पुन्हा?" म्हणाला. मग त्याला गोधडी दिसली. तोंड पांढरं पडलं त्याचं. मी बघितलं म्हणून सांगते. पळत जाऊन त्यानं जीप आणली, मंगलला स्वतः उचलून ठेवलं. पण जीप फाट्यावरून नेली नाही. तुरीच्या रानातल्या गाडीवाटेनं नेली. ती वाट दुप्पट लांबीची आणि सगळी दगडांची. मी पोरीला छातीशी धरून मागं बसले होते. मंगलचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि प्रत्येक दगडाला ते उडत होतं. गजानन पुढं बसला होता. खाली बघत.

परभणीला दवाखान्यात नाव विचारलं. अण्णानं रेखाचं सांगितलं, तिचं आधार कार्ड खिशात तयार होतं. कार्डावर पदर घेतलेली एक बाई, गाडीत पदर घेतलेली एक बाई. डॉक्टरीण चांगली होती, तिनं मंगलच्या गालावर थापट्या मारून विचारलं, "ताई, नाव काय तुमचं?" मंगलनं डोळे उघडले. शिकवून ठेवलं होतं तसं म्हणाली, "रेखा." ते तिचं शेवटचं बोलणं. दिवस मावळायच्या आत ती गेली.

अण्णा बाहेर बाकावर बसला होता. मी जाऊन सांगितलं. त्यानं दातातली पिन काढली. मग शेजारी सरकला आणि कानात म्हणाला, "वहिनी, परवा मतदान हाय."

दवाखान्यानं रेखा मेली असा कागद दिला. अण्णानं बाप म्हणून सही केली. मंगलला गावात आणलीच नाही. परभणीतच तिला जाळली. गजाननानं अग्नी दिला. भाऊ म्हणून दिला की नवरा म्हणून, ते त्याला कुणी विचारलं नाही. पोरगी पूर्णेला गेली.

गावात भोंगा फिरला की मंगलताईंना निमोनिया झाला आहे, दवाखान्यात आहेत, तब्येतीला उतार आहे, त्यांना आशीर्वाद द्या. मी गावात पाय ठेवल्याबरोबर सांगितलं की मंगल मेली. ज्याला त्याला सांगितलं. पाण्यावर सांगितलं, गिरणीत सांगितलं. समोरच्या पॅनलनं आरडाओरडा केला, तर अण्णा चौकात हात जोडून उभा राहिला. "आजारी लेकीला जित्तेपणी मारायलेत हो हे लोक," म्हणाला आणि रडला. खरंखुरं रडला. ती पोरं गप्प बसली.

मतदानाच्या दिवशी बायका रांगेत उभ्या होत्या. मी म्हणाले, "अगं, मेलेल्या बाईला मत द्यायलाव तुमी."

एकजण म्हणाली, "जित्तीला देऊन तरी काय व्हायलंय, काकू?"

दुसरी म्हणाली, "लय हिंडली बिचारी तसल्या पायानं. द्यावं एक मत."

मंगल निवडून आली. मतमोजणीवरून येताना गुलाल उधळला, वाजंत्री वाजली. दुसऱ्या दिवशी अण्णानं ओट्यावर बसून सांगितलं की मंगल ताप डोक्यात जाऊन वारली. पालमहून तिची आई आली तेव्हा ओट्यावरचा गुलाल कुणी झाडला नव्हता. ती त्याच्यातच बसली. लेकीचं तोंड दाखवा म्हणत होती. दाखवायला काही नव्हतं. अण्णा तिच्याही शेजारी जाऊन बसला आणि कानात बोलू लागला. ती त्याच्या तोंडावर थुंकली. गावात एवढंच एक माणसाचं काम झालं, आणि ते परगावच्या बाईनं केलं.

सरपंच कागदावर मेल्याशिवाय पोटनिवडणूक लागत नाही. दवाखान्याचा कागद रेखाच्या नावाचा, म्हणून मंगल घरी वारली अशी नोंद अण्णानं करून घेतली. आता कागदावर दोन बाया मेल्या होत्या आणि खरी मेली होती एक. अण्णानं एवढे उमेदवार उभे केले, एवढी घरं हिशोबात धरली, पण आपण आपलीच लेक मारून ठेवली हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. रेखाचं रेशन बंद झालं. बँकेनं खातं बंद केलं. पोरीची आई म्हणून रेखाचं नाव होतं आणि आई तर बाळंतपणात वारलेली. नवरा म्हणू लागला, सासू म्हणायलीय दुसरी बघ, अडचण काय हाय, कागद तर तयार हाय. पहिल्यांदा तो ते हसत म्हणाला. नंतर हसला नाही.

रेखा माझ्याकडं आली, पोरगी काखोटीला मारून. "काकू, साक्षीला चला. मला जित्ती करून घ्यायचंय." मी गेले. परभणीला नोंदीच्या ऑफिसात अण्णाही आला होता, रेखानं त्याला पायावर पडून आणलं होतं.

कारकून तरुण होता, बोलायला सरळ. त्यानं कागद पाहिला, रेखाला पाहिलं. म्हणाला, "ही सही तुमचीच ना अण्णा?"

"माजीच."

"मग दवाखान्यात वारली ती कोण?"

अण्णा गळ्यातली पिन चाचपू लागला. खरं सांगितलं तर तिसरी पोरगी मंगलची ठरत होती, आणि घरी वारल्याची नोंदही खोटी ठरत होती. पोटनिवडणूक लागलेली होती.

मी म्हणाले, "मंगल मेली ती. त्याची सून. माज्या मांडीवर डोकं होतं तिचं."

कारकून अण्णाकडं वळला. "अण्णा, ह्या आजी काय म्हणायल्यात?"

"वय झालंय तिचं," अण्णा म्हणाला. "काय बी बोलती आजकाल."

रेखा म्हणाली, "अण्णा, माज्याकडं बघा की. मी हाय न्हवं का? एवढं एकच सांगा सायबाला."

अण्णानं तिच्याकडं बघितलं. तिच्या शेजारी सरकला, कानाशी तोंड नेलं. "लेकी, कागदावर मेल्यानं माणूस मरतंय व्हय? निवडणूक हू दे. मग बघू." आणि उठला. कारकुनानं मागवलेला चहा अर्धा पिऊन झाला होता.

मी त्याला शेवटचं पाहिलं ते तेव्हा. ऑफिसच्या पायऱ्या उतरून तो जीपकडं चालला होता. जीपमध्ये गजाननची नवी बायको बसली होती, नव्या साडीत, उमेदवारीचा अर्ज भरायला आणलेली. तिला अजून लेकरू नव्हतं. अण्णानं पिनेनं दात कोरले, ड्रायव्हरला हात केला आणि गाडी निघाली. पुढं मी माझ्या लेकीकडं पाथरीला राहायला गेले, पुन्हा त्या गल्लीत गेले नाही. नवी सून निवडून आली असं ऐकलं.

रेखाचा कागद अजून दुरुस्त झालेला नाही. मेली ती मंगल. रेखा जिवंत आहे, पूर्णेला असते. पोरगी तिच्याजवळ आहे, तीही जिवंत आहे.